गवत संपलं की माणसं डोंगर चढतात

समजा, एखाद्या कादंबरीकाराला एक जमात कल्पायची आहे. माळावर गुरं घेऊन फिरणारे लोक. नांगर पुढे सरकतो, गवत आटतं, आणि ते लोक पश्चिमेला रेटले जात जात डोंगर चढतात. पुढच्या पिढ्या तिथेच ढगांत नांदतात. मागे राहिलेले त्यांचे भाऊबंद जनावर बदलून माळावरच तग धरतात. हे वाचून संपादक म्हणेल, जरा जास्तच रचलंय. पण हे सगळं पुणे जिल्ह्यात घडलेलं आहे. खालचे ते मेंढपाळ धनगर आणि वरचे ते म्हशी राखणारे गवळी धनगर.

आधी पाऊस पाहू. शिरूर-दौंडकडे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मनात आलं तर. तिथून पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटर गेलं की मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर त्याच्या दहापट कोसळतो. जिल्हा तोच. एका टोकाला बाभळी, बोरी आणि कुसळी गवत. दुसऱ्या टोकाला जांभूळ, अंजन आणि चार महिने न हटणारं धुकं. या दोन टोकांमध्ये माणूस सरकला की त्याचं जनावर बदलतं, घर बदलतं, ताटातलं अन्नसुद्धा बदलतं.

हे सरकणं किती जुनं असावं? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० अशी जवळपास नऊशे वर्षांची वस्ती मातीखालून वर आली. सुरुवातीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं, जव-मसूर पिकवणारी शेती, पाणी वळवायला पाट आणि बांध. इसवी सनपूर्व १००० नंतर मात्र चित्र पालटतं. चौकोनी घरं जातात आणि लहान लहान गोल झोपड्या येतात. शेती आखडते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढते. ढवळीकरांचं म्हणणं असं, की पाऊसमान घटलं आणि स्थिर शेतकरी अर्धे भटके झाले. गोल झोपड्या समजून घ्यायला त्यांनी आजच्या फासेपारध्यांच्या पालांकडे पाहिलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या खांबांच्या खळग्यांचा उलगडा जिवंत माणसांच्या घरातून होतो, हे एक नवलच!

इनामगावकर आणि आजचे धनगर यांच्यात रक्ताचा धागा शोधायची गरज नाही. महत्त्वाचा आहे तो नियम: या पट्ट्यात पाऊस हलला की माणसाचा धंदा हलतो.

आता डोंगराकडे. धनगरांच्या ओव्या टेपवर जमवत महाराष्ट्रभर हिंडलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर आणि भारतीय अभ्यासक माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांच्या मांडणीतून एक कयास पुढे येतो. देशावरच्या कोरड्या पट्ट्यात पूर्वी गाई-म्हशींचे गवळी होते. शेती पसरली, चराई कमी झाली, गवत उंच वाढेना. म्हशीला पोटभर ओला चारा लागतो, डुंबायला पाणी लागतं. तिला हा माळ परवडेना. दख्खनी मेंढी मात्र बोटभर खुरट्या गवतावर भागवते, आणि चालायलाही काटक. त्यामुळे माळावर मेंढीवाले उरले आणि म्हशीवाले सह्याद्रीवर गेले.

वर गेल्यावर त्यांनी काय केलं, हे गाडगीळ-मल्होत्रांनी बारकाईनं टिपलं आहे. सह्याद्रीत एकाच गावाच्या शिवारात दोन समाज राहत आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नसत. खालच्या खोऱ्यात कुणबी: भातखाचरं, नांगरापुरती जनावरं आणि जोडीला रानातली शिकार. वरच्या सपाटीवर चार-पाच घरांचा धनगरवाडा: म्हशी, थोडी नाचणी-वरी आणि शिकार जवळजवळ नाहीच. शिकारीची गरजही नव्हती, कारण घरात ताक होतं. कड्यावरून दूध बाजारात पोचेपर्यंत नासणार; म्हणून ते घुसळायचं, लोणी विकायचं, ताक घरात प्यायचं आणि लोण्याच्या पैशात खालचं धान्य आणायचं. त्या वाटा नसलेल्या डोंगरात अंगावर वाहून नेता येईल, टिकेल आणि दामही देईल असा दुसरा माल कोणता?

मागे राहिलेल्यांनी वेगळी युक्ती काढली. घाटातल्या आषाढात मेंढीचे खूर कुजतात, म्हणून पावसाळा त्यांनी कोरड्या मुलखातच काढायचा. दिवाळी झाली, की यांतले बरेच वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि मृगाच्या आत परत येतात. वाडा म्हणजे इथे इमारत नव्हे, एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा तांडा. बिऱ्हाड घोड्यावर: भांडी, अंथरूण, वर बांधलेल्या कोंबड्या, एखादं कुत्र्याचं पिल्लू, कधी तान्हं मूल. बाया घोडी घेऊन पुढे निघतात, मुक्कामाची जागा धरून तीन दगडांची चूल मांडतात. पुरुष मेंढरं चारत संध्याकाळी पोचतात. रात्री वाघूर, म्हणजे जाळी, लावून कळप शेतकऱ्याच्या रानात बसवतात. सकाळी शेतात लेंडी-मुताचं खत पडलेलं असतं, आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. खताची गाडी चार पायांवर आपणहून चालत येते!

देवसुद्धा याच वाटेनं चालले आहेत. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा कमळाजी नावाच्या धनगर भक्ताबरोबर पूर्वेच्या सोनारीहून आला, असं लोक सांगतात. दिशा तीच, पश्चिमेची.

वर आणि खाली अशी फाटाफूट झाली, तरी एक वस्तू दोघांच्या खांद्यावर राहिली: घोंगडं. मेंढी घाटमाथ्यावर पावसाळ्यात टिकत नाही. पण तिथल्या मुसळधार पावसात म्हशींमागे उभा असलेला माणूस कोरड्या मुलखातल्या मेंढीच्या लोकरीतच गुरफटलेला असतो. ही लोकर राठ म्हणून कपड्यांच्या कारखान्यांना नको असते. नेमका तोच राठपणा पाणी झटकन आत शिरू देत नाही.

ही गोष्ट ‘कोणे एके काळी’ची नाही, कारण रेटा थांबलेला नाही. १८७८च्या वनकायद्यानं राखीव जंगलं आखली आणि चराईवर बंधनं आली. मग धरणांच्या पाण्याखाली खोरी गेली. २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, आणि कोयना-चांदोलीच्या भागातल्या वस्त्यांना हलावं लागलं. त्यांत धनगरवाडेही होते. इकडे शिरूर-दौंडात कालव्यांनी ऊस आणला, रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि चरायचे माळ आक्रसत गेले. सरकारी कागदावर अशा माळाला ‘पडीक’ म्हणतात. ज्या जमिनीवर मेंढरं जगतात, चिंकारा आणि लांडगे जगतात, ती पडीक कशी? दौंडच्या शेजारीच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथे राखलंय ते जंगल नव्हे, हाच खुरटा माळ आणि त्यावरचे चिंकारा.

आजवर प्रत्येक वेळी या लोकांकडे एक वाट होती: जनावर बदला, नाहीतर वर चढा. आता वरच्या जागाही कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढल्या आहेत, आणि माणूस डोंगराच्या माथ्यापलीकडे चढू शकत नाही. म्हणून उरलेल्या माळाचा प्रश्न एकट्या धनगरांचा नाही. जिल्ह्यातली ही सर्वांत जुनी युक्ती पुढे चालणार की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.