छत्रीउडीचा अर्ज

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या सूचना फलकावर दरवर्षी एनसीसीची एक लहानशी चिठ्ठी लागते. परीक्षेचे वेळापत्रक आणि शिष्यवृत्तीची यादी यांच्या गर्दीत ती झाकून जाते. गेल्या वर्षी माझी नजर तिच्यावर पडली, कारण तिच्यात ‘आग्रा’ हा शब्द होता. ताजमहालाची सहल असावी अशा समजुतीने मी ती वाचू लागले. वाचल्यावर कळले की, तेथे विमानातून उडी मारायला शिकवतात.

हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच की, त्या चिठ्ठीपासून अर्ज पाठवेपर्यंत मला जे जे विचारत फिरावे लागले, ते पुढच्या मुलामुलींना फिरावे लागू नये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे घरी विचारण्याची सोय नव्हती. माझ्यासारखे अनेकजण या महाविद्यालयात आहेत, हे मला ठाऊक आहे.

प्रथम एका गैरसमजाविषयी. मी खाकी गणवेश घालून पहिल्यांदा घरी गेले तेव्हा आमच्या आळीत बातमी पसरली की, पोरगी मिल्ट्रीत भरती झाली. तसे काही नसते. एनसीसी १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. मुलींचा विभाग त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९४९ साली सुरू झाला. कॅडेटवर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे कोणतेही बंधन नाही, असे त्या कायद्यातच म्हटले आहे. आपण स्वखुशीने येतो, परेड करतो, शिबिरांना जातो. दुसऱ्या वर्षी ‘बी’ प्रमाणपत्राची परीक्षा होते आणि तिला बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के परेड व एक शिबिर आवश्यक असते. तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्र. ‘सी’मध्ये किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला पन्नास टक्के गुण असतील, तर विशेष प्रवेशाने लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाच्या मुलाखतीला जाता येते. हा मार्ग मुलींनाही खुला आहे. परंतु जायचे की नाही, हे आपले आपण ठरवायचे असते.

या नेहमीच्या परेड-शिबिरांखेरीज काही मोजक्या कॅडेटांना सैन्याचे जीवन जवळून पाहण्याची संधी मिळते. कोणी लष्करी तुकडीबरोबर राहतात, कोणी गिर्यारोहणाला जातात आणि अगदी थोडे आग्र्याला छत्रीउडीच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला जातात. शेवटचा साधारण साडेतीन आठवड्यांचा असतो. आग्र्याची ही शाळा हवाई दलाची आहे, पण तेथे शिकणारे बहुतेक भूदलाचे जवान असतात. आपल्या देशात छत्रीधारी सैनिक तयार करण्याचे काम १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून हे सैनिक अनेक लढायांत उतरले. त्यांतली एक लढाई मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी सायंकाळी टांगाईलजवळ आपल्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन उतरली. ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडण्यासाठी पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचा होता आणि तो त्यांनी घेतला. लेफ्टनंट कर्नल पन्नू तिचे नेतृत्व करीत होते. ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. पुढे ढाक्यात प्रथम पोहोचलेल्या भारतीय तुकड्यांत तिचा समावेश होता.

आता उडीविषयी. पुष्कळांना वाटते की, उडी मारल्यावर हवेत आपणच दोरी ओढायची असते. शिकाऊ सैनिकाच्या बाबतीत तसे नसते. छत्रीला जोडलेला एक लांब पट्टा विमानातील तारेला अडकवलेला असतो. माणूस दारातून बाहेर पडला की, त्याच्या वजनानेच तो पट्टा ताणला जातो आणि छत्री ओढून काढतो. तीन-चार सेकंदांत ती उघडते. म्हणून बाहेर पडताच मोठ्याने आकडे मोजायला शिकवतात. मोजून संपले तरी छत्री उघडली नाही, तर छातीवरच्या राखीव छत्रीची मूठ ओढायची. अशी उडी साधारण साडेबाराशे फुटांवरून घेतात. खाली यायला सुमारे एक मिनिट लागते. इतक्या तयारीनंतर एक मिनिट!

खरी कसोटी जमिनीपाशी असते. गोल छत्री माणसाला अलगद ठेवत नाही. सेकंदाला पाच ते सहा मीटर वेगाने तो खाली येतो. हिशेब केला तर सव्वा ते पावणेदोन मीटर उंचीच्या ओट्यावरून उडी मारल्याइतका तो आघात होतो. वारा असेल तर माणूस आडवाही फरफटतो. पाय ताठ ठेवले तर ते मोडतील, पाय फाकवले तर सगळा भार एकाच पायावर येईल. म्हणून दोन्ही पावले जुळवून, गुडघे किंचित वाकवून उतरायचे आणि पावले टेकताच अंग कडेवर सोडून द्यायचे. आधी चवडे, मग पोटरीची बाजू, मग मांडी, मग नितंब आणि शेवटी पाठीची कडा. आघात अशा रीतीने पाच ठिकाणी वाटला जातो. प्रत्यक्ष विमानात बसण्यापूर्वीचा बराच काळ हे पडणे शिकण्यातच जातो. विमानाच्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचा सराव करतात, पट्ट्यांना लोंबकळतात, मनोऱ्यावरून उतरतात आणि पुन्हा पुन्हा पडतात.

अर्जाची रीत अवघड नाही. चिठ्ठी लागली की, एनसीसीच्या सरांकडे नाव द्यायचे. बटालियनमध्ये शारीरिक चाचणी होते. तिच्यातून निवडलेल्यांची गटपातळीवर पुन्हा चाचणी, आणि त्यानंतर राज्याच्या संचालनालयाकडून शेवटची निवड. सोबत सरकारी डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, नावनोंदणीचा दाखला, छायाचित्रे आणि पालकांचे संमतीपत्र. कागदपत्रे आधीच गोळा करून ठेवा. मला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासाठी तीन खेपा पडल्या, कारण पहिल्या दोन वेळी मी छायाचित्र विसरले होते.

तयारीबद्दल माझा अनुभव असा. चिठ्ठी लागल्यावर मी धावायला सुरुवात केली, आणि तेथेच चुकले. पहिल्याच आठवड्यात रोज कालव्याच्या बांधावरून चार-चार किलोमीटर धावले. दहाव्या दिवशी नडग्या इतक्या दुखू लागल्या की, जिना उतरता येईना. मग पंधरा दिवस सक्तीची विश्रांती. शरीर उधारीवर चालत नाही. निदान तीन महिने आधी सुरुवात करावी, दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे, आठवड्यातून एक दिवस पायांना सुटी द्यावी. हातांच्या ताकदीकडे मुली दुर्लक्ष करतात, तसे करू नये. छत्रीचे पट्टे हातांनीच ओढायचे असतात.

आता त्या संमतीपत्राविषयी. खरे तर या लेखाचे मूळ तेच आहे.

तो एक पानी इंग्रजी कागद होता. आपल्या पाल्यास या अभ्यासक्रमातील धोक्याची पूर्ण कल्पना आहे, तो स्वखुशीने जात आहे, दुखापत झाल्यास अथवा मृत्यू आल्यास आम्ही कोणास जबाबदार धरणार नाही, असा त्याचा आशय. खाली पालकांची सही.

माझे वडील, आबा, बाजार समितीत हमाल आहेत. त्यांना आणि आईला लिहिता-वाचता येत नाही. सातवीपासून आमच्या घरी येणारा प्रत्येक कागद मीच वाचते. विजेचे बिल, रेशनकार्डाचा अर्ज, सोसायटीची नोटीस, बँकेचे पुस्तक. मी वाचते आणि ते ऐकतात. मी म्हणेन तेथे आबा अंगठा उमटवतात. आजवर कोणी मला विचारले नव्हते की, तू सगळे वाचलेस का?

त्या रात्री आबा दोन ट्रक खाली करून आले होते. जेवण होऊन भिंतीला टेकले होते. मी म्हणाले, “आबा, कॉलेजच्या कँपचा कागद आहे, अंगठा पाहिजे.” त्यांनी अंगठा पुढे केला. मी त्याला शाई लावली. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद सरांपुढे ठेवला. अंगठा पाहून त्यांनी साधा प्रश्न केला, “वडिलांना वाचून दाखवलंस ना?” मी “हो” म्हणाले. त्यांनी कागद फाईलला लावला. मी वर्गात जाऊन बसले. तो तास राज्यशास्त्राचा होता आणि विषय नागरिकांच्या हक्कांचा होता. मी एक अक्षरही लिहून घेतले नाही. आबांनी अंगठा दिला होता तो कागदाला नव्हे, मला दिला होता. त्यांना कागद दिसतच नव्हता. त्यांना मी दिसत होते.

तास संपल्यावर मी सरांकडे गेले आणि खरे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी तो कागद फाडला आणि नवा कोरा दिला. म्हणाले, “अर्ज परवा सकाळी जाणार आहे.”

त्या रात्री मी आई-आबांना समोर बसवून एकेक ओळ मराठीत वाचली. ‘मृत्यू’ हा शब्द आला तेव्हा आईने हातातली भाजी खाली ठेवली. मी आदला दिवसही सांगितला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आई मात्र बोलली. “आंगठा आमचा हाय बाई, पर डोळं तुझं. डोळ्यांनीच फशिवल्यावर मान्सानं बघायचं कुनाकडं?” मला उत्तर देता आले नाही, आणि आजही देता येत नाही.

मग आबांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती दिवस? खर्च कोणाचा? बरोबर कोण? विमानातून ढकलतात की आपण उडी टाकायची? शेवटी म्हणाले, “भुईवर पडताना कसं पडायचं, ती तरी शिकिवत्यात का?” मी सरांनी दाखवलेले करून दाखवले. पावले जुळवली, गुडघे वाकवले. आबा उठले. “थांब. ट्रकच्या फाळक्यावरनं उतरताना आमी बी ताठ पायानं उतरत न्हाय. पाठीवर पन्नास किलो असतंय. गुडघा ताठ ऱ्हायला की गेला. पयलं शंभराचं पोतं हुतं, तवा कैक जनांचं गेलं.” त्यांनी उंबऱ्यावरून उतरून दाखवले. चवडे आधी टेकले, गुडघे आपोआप दबले, खांदा एका कडेला झुकला. आग्र्याच्या शाळेत जे शिकवतात त्यातला पहिला अर्धा धडा माझे वडील तीस वर्षे रोज गिरवीत होते, आणि त्यांच्या कामाला पाहण्यासारखे काही असते हे मला त्या रात्री प्रथम समजले.

आबांनी लगेच अंगठा दिला नाही. “सकाळी बगू” म्हणाले. ती रात्र मला फार मोठी वाटली. सकाळी कामावर निघताना त्यांनी स्वतःच शाईची डबी मागितली. आईने मान हलवली नाही, पण अडवलेही नाही. तिची संमती मी पूर्ण मिळवली, असे मी म्हणणार नाही. चाचणीच्या दिवशी तिने डबा बांधून दिला, एवढे खरे.

वाचकांना उत्सुकता असेल की, पुढे काय झाले? बटालियनच्या चाचणीत मी निवडले गेले. गटपातळीवर धावण्यात माझ्यापुढे इतर मुली होत्या. माझे नाव राखीव यादीत लागले आणि राखीवांना बोलावणे आले नाही. वाया घालवलेले ते पंधरा दिवस मला नडले, हे उघड आहे. तिसऱ्या वर्षी पुन्हा संधी आहे. या वेळी सुरुवात चिठ्ठी लागण्यापूर्वीच केली आहे. आबा पहाटे पाचला हाक मारतात.

शेवटी एक विनंती, विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकवर्गालाही. आपल्या महाविद्यालयात अशा कागदांची कमतरता नाही. सहलीचे, शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, शिबिरांचे. त्यांवर अंगठा किंवा सही करणारे अनेक पालक ते वाचू शकत नाहीत आणि मधला दुभाषी त्यांचाच मुलगा किंवा मुलगी असते. धाडस करायला निघालेल्याने पहिले धाडस घरी करावे, म्हणजे कागद पूर्ण वाचून दाखवावा. नकार येईल, ही भीती खरी आहे. पण न वाचता मिळालेला होकार हा होकारच नव्हे.

मराठीच्या मॅडमच्या मदतीने मी त्या संमतीपत्राचे मराठी भाषांतर केले आहे. ते एनसीसीच्या खोलीत दाराजवळ लावले आहे. अर्ज करणाऱ्याने ते उतरवून घरी न्यावे. त्यात एकही ओळ गाळलेली नाही.