फळी ३० किलोची, जोर ९० किलोचा: घरच्या कामासाठी लिनिअर अ‍ॅक्च्युएटर कसा निवडाल?

ब्रिटनमधल्या छोट्या घरांत भारतवारीच्या बॅगा आणि जादा रजया ठेवायला बेडखालची जागा फार उपयोगी पडते. पण गादीसकट फळी उचलणं सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना झेपेलच असं नाही. हे काम बटणावर करायचं असेल तर लिनिअर अ‍ॅक्च्युएटर वापरता येतो. त्यातली मोटर एक स्क्रू फिरवते, स्क्रूवरची नट सरळ रेषेत सरकते आणि दांडा बाहेर येतो. हॉस्पिटलमधल्या खाटेची पाठ अशीच वर होते.

जोर: फळी ३० किलोची, म्हणून ३० किलोचा अ‍ॅक्च्युएटर पुरेल का? दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, उत्तर हाताला कळेल. समजा, ९० सेंटिमीटर रुंदीची फळी बाजूने उघडते. तिचं साधारण ३०० न्यूटन वजन बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर एकवटलेलं धरू. दांडा बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर, फळीशी ३० अंशांचा कोन करून जोडला, तर लागणारा जोर: (३०० × ०.४५) ÷ (०.३० × ०.५) = ९०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९० किलो! थोडी सूट ठेवून १२०० ते १५०० न्यूटनचा घ्या. फळीला आधीच गॅस स्प्रिंग असतील तर जोर बराच कमी लागेल.

स्ट्रोक: पुठ्ठ्यावर पूर्ण मापाची आकृती काढून फळी बंद आणि उघडी असतानाची दांड्याची लांबी मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. मिटलेला अ‍ॅक्च्युएटरही स्ट्रोकपेक्षा लांबच असतो, तेवढी जागा आहे ना, ते पाहा.

वेग: त्याच मोटरमधून गिअर बदलून जोर वाढवला की वेग घटतो. सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने २०० मिलिमीटर जायला २० सेकंद लागतात. बेडसाठी हे ठीक आहे.

विश्रांती: ड्युटी सायकल १० टक्के म्हणजे २ मिनिटं काम, १८ मिनिटं आराम. बागेतल्या पेटीसाठी घेत असाल तर आयपी ६५ दर्जा पाहा.

सुरक्षितता: वीज गेल्यावर फळी खाली येऊ नये म्हणून सेल्फ-लॉकिंग स्क्रूचाच घ्या. साधा अ‍ॅक्च्युएटर फक्त स्ट्रोकच्या टोकाला थांबतो. मध्ये नातवंडाचं बोट आलं तर त्याला कळत नाही. म्हणून दाबून धरलं तरच चालणारं बटण लावा. इथल्या प्लगमधला १३ अँपिअरचा फ्यूज १२ व्होल्टच्या बाजूचं रक्षण करत नाही. तिथे मोटरच्या प्रवाहानुसार वेगळा फ्यूज हवा.