दिसावं, पण उमगू नये

भर समुद्रात जहाज लपवता येत नाही. पहाटे करडं असलेलं आभाळ दुपारी पांढरंफटक होतं, संध्याकाळी तांबूस. मग कोणता रंग दिला तर जहाज त्यात विरघळेल? त्यातून धुराड्याचा धूर मैलोन् मैल दिसतो तो वेगळाच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे अनेक जाणकार या लपवण्याच्या मागे लागले होते. ते सोडून द्या, असं सांगितलं एका सागरचित्रकारानं.

नॉर्मन विल्किन्सन १८७८ मध्ये केंब्रिजला जन्मले आणि पोर्ट्समथजवळच्या साउथसीत चित्रकला शिकले. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’साठी चित्रं आणि रेल्वे कंपन्यांची पोस्टर्स करून त्यांनी नाव कमावलं. ‘टायटॅनिक’च्या पहिल्या वर्गाच्या धूम्रपान कक्षात लावलेलं प्लिमथ बंदराचं चित्र त्यांचंच. १९१२ मध्ये ते जहाजाबरोबर बुडालं.

१९१७ च्या एप्रिलमध्ये जर्मन पाणबुड्यांनी दोस्तांची आणि तटस्थ देशांची मिळून आठ लाख टनांहून जास्त क्षमतेची जहाजं बुडवली. विल्किन्सन तेव्हा नौदलाच्या राखीव दलात होते. सुटी संपवून रेल्वेनं तळावर परतताना त्यांना सुचलं, की जहाज दिसलं तरी चालेल, ते नेमकं कुठे चाललंय हे कळता कामा नये.

त्या काळी टॉर्पेडो जहाजावर नेम धरून सोडत नसत. तो पोहोचेपर्यंत जहाज पुढे सरकलेलं असे, म्हणून ते कुठे असेल त्या जागेवर तो सोडावा लागे. त्यासाठी पाणबुडीच्या कप्तानाला जहाजाचं अंतर, वेग आणि दिशा ताडावी लागे, तीही पेरिस्कोप थोडाच वेळ वर काढून. दिशेचा अंदाज काही अंशांनी चुकला, तरी नेम हुकण्याची शक्यता वाढे. विल्किन्सननी याच अंदाजावर घाव घातला. काळे, पांढरे, निळे, हिरवे तिरके पट्टे असे ओढायचे की जहाजाचं पुढचं टोक कुठलं आणि वळण कुठे, याचा डोळ्यांना घोळ व्हावा. याला नाव पडलं ‘डॅझल’. पट्टे बघून अनेकांना घनवादी चित्रं आठवतात. मला मात्र यात जुन्या पठडीतल्या चित्रकाराचं कसब दिसतं. सपाट कागदावर जहाज वळल्यासारखं कशानं भासतं, हे ज्याला हातानं माहीत आहे, त्यालाच ते उलटं फिरवता येतं.

लंडनच्या रॉयल अकॅडमीत कारखानाच उभा राहिला. लाकडी प्रतिकृती रंगवायच्या, फिरत्या तबकावर ठेवायच्या आणि पेरिस्कोपमधून न्याहाळायच्या. फसगत झाली की तो आराखडा बंदरांकडे रवाना व्हायचा. हे रंगकाम बरंचसं तरुण स्त्रियांनी केलं, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो याची मला खंत वाटते. राजे पाचवे जॉर्ज तिथे आले, तेव्हा त्यांनाही एका प्रतिकृतीची दिशा विचारली गेली. नौदलात वर्षं काढलेल्या राजांनी सांगितलं दक्षिणेच्या जवळपासचं. प्रतिकृती निघाली होती पूर्व-आग्नेयेला!

युद्ध संपेपर्यंत दोन हजारांहून जास्त ब्रिटिश व्यापारी जहाजं अशी रंगली. त्यानं किती वाचली? नौदलाच्या १९१८ च्या पाहणीत ठोस पुरावा मिळाला नाही. जहाजांनी ताफ्यानं जाण्याची पद्धतही त्याच सुमाराला सुरू झाल्यानं श्रेय वेगळं काढणं अवघड होतं. पण खलाशांना धीर आला, हे नोंदलं गेलं आणि रंगकाम चालू ठेवण्याची शिफारस झाली.

पुढे श्रेयावरून वाद झाला. जॉन ग्रॅहम कर या प्राणिशास्त्रज्ञांनी १९१४ मध्येच प्राण्यांच्या कातडीवरून जहाजं रंगवण्याची सूचना केली होती. चौकशी आयोगानं १९२२ मध्ये विल्किन्सन यांच्या बाजूनं कौल देऊन त्यांना दोन हजार पौंड दिले. मला तो कौल पटतो, कारण विल्किन्सन यांनी सुरुवातच मुळी लपण्याची आशा सोडून केली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या सागरी लढायांची ५० हून अधिक चित्रं त्यांनी काढली आणि ती सगळी ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमला देऊन टाकली. १९७१ मध्ये ते वारले.