फिरती यंत्रे – लेखांक ६ : मधल्या फटीचा हिशेब

गेल्या आठवड्यात आपण डँपरपाशी थांबलो होतो. बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन पूर्ण वेगाने फिरवायचा आणि ओढ जास्त झाली की डँपर मिटून अडवायची, यात वीज कशी जाते ते पाहिले. मग पंख्याचाच वेग का कमी करू नये? मोठ्या मोटरींसाठी त्याच्या दोन वाटा मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली व्हीएफडीची. हा ड्राइव्ह ५० हर्ट्झची वीज आधी एकदिश करतो आणि तिच्यातून हव्या त्या वारंवारितेची वीज नव्याने घडवतो. वारंवारिता उतरली की मोटरच सावकाश फिरते. दुसऱ्या वाटेत मोटरच्या विजेला कोणी हात लावत नाही. तिच्या शाफ्टवर तांब्याची चकती, समोर पंख्याच्या शाफ्टवर निओडिमियम चुंबकांची चकती, आणि मध्ये काही मिलिमीटरची फट. हे चुंबकी कपलिंग. यात स्पर्श कुठेच नाही.

स्पर्शाशिवाय लागणारी ही ओढ फ्रान्सच्या अरागो यांना १८२४ मध्ये दिसली. तांब्याची तबकडी फिरवली की वर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे फिरू लागते. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही! उलगडा १८३१ मध्ये फॅरडे यांच्या शोधाने झाला. चुंबकासमोरून तांबे सरकले की त्यात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात आणि त्यांचे चुंबकक्षेत्र समोरच्या चुंबकाला ओढते. सगळे मर्म त्या सरकण्यात आहे. दोन्ही चकत्या अगदी एका वेगाने फिरल्या तर प्रवाह उठणार नाहीत, ओढही लागणार नाही. म्हणून पंखा मोटरच्या नेहमी थोडा मागेच असतो. फट वाढवली की तो आणखी मागे पडतो, आणि वेग कमी करायची युक्ती एवढीच.

पण टॉर्क दोन्ही बाजूंना सारखाच असतो. त्यामुळे वेगात जेवढा फरक, तेवढी शक्ती तांब्यात उष्णता होऊन जाते. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. पूर्ण वेगाला १०० किलोवॅट घेणारा पंखा ८० टक्के वेगाला ५१ किलोवॅटच घेतो. कपलिंग असेल तर मोटरला ६४ द्यावे लागतात. ड्राइव्हला, त्याचा स्वतःचा तीन-चार टक्के तोटा धरून, सुमारे ५३. निम्म्या वेगाला पंख्याची गरज साडेबारा, तर कपलिंगमागे मोटर देते २५. मात्र ९५ टक्के वेगाला कपलिंग ९० आणि ड्राइव्ह ८९, म्हणजे फरक जवळजवळ मिटला. म्हणून यंत्र वर्षातले किती तास कोणत्या वेगाने चालणार, हे लॉगबुकातून काढल्याशिवाय खरेदीची चर्चा सुरूच करू नये, असे माझे ठाम मत आहे.

साखर कारखान्यातली गव्हाण हे याचे उलटे टोक. उसाचा थर तेवढाच असेल तर साखळी सावकाश ओढायलाही टॉर्क साधारण तेवढाच लागतो. निम्म्या वेगाला मोटर पूर्ण शक्ती देते आणि तिच्यातली निम्मी कपलिंगमध्ये तापून जाते. पूर्वी इथे डायनोड्राइव्ह असत. त्यांचेही तत्त्व हेच, फक्त कायम चुंबकाऐवजी विजेची कॉइल. अशा जागी मी व्हीएफडीच निवडीन.

तरी कपलिंगला कमी लेखणे मला पटत नाही. धूळ, दमटपणा आणि हादरे असलेल्या जागी ते निमूट चालते. शाफ्टची रेषा किंचित चुकली तरी निभावते, पंख्याचा हादरा मोटरपर्यंत पोचू देत नाही. यंत्र अडकले तर चकत्या एकमेकींवरून निसटतात, पण तेव्हा उष्णता झपाट्याने वाढते, म्हणून मोटर लगेच बंद करणारी सोय हवीच. उलट व्हीएफडीला थंड, स्वच्छ खोली लागते. साध्या ड्राइव्हमुळे वीजपुरवठ्यात २५० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक्स शिरतात. ३.३ किंवा ६.६ किलोव्होल्टच्या मोटरीसाठी त्याची किंमतही पुष्कळ वाढते.

शिवाय ड्राइव्हवर चालणाऱ्या काही मोटरींचे बेअरिंग उघडले की आतल्या कड्यावर जवळजवळ आडव्या रेषा कोरलेल्या दिसतात. त्या विजेने कोरलेल्या असतात. ते कसे घडते आणि कसे टाळायचे, हे पुढच्या लेखांकात.