फ्लॅट खारीत, मालक बोरिवलीत. घर रिकामे करून घेण्याचा दावा कोणत्या कोर्टात? जाणून घ्या

करार संपला, तरी भाडेकरू घर सोडत नाही. अशा वेळी बरेच घरमालक आधी पोलीस ठाणे गाठतात. तिथे ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असे उत्तर मिळते. पण कोणत्या कोर्टात? इथेच अनेकांची गाडी अडते. चुकीच्या ठिकाणी दावा दाखल झाला, तर तो परत घेऊन योग्य ठिकाणी नव्याने दाखल करावा लागतो. तोवर घर अडकलेलेच राहते.

समजा, फ्लॅट भाईंदर पूर्वेतील खारी गावात आहे आणि मालक बोरिवलीत राहतो. अशा प्रकरणात दोन गोष्टी पाहायच्या: जागा कुठे आहे आणि कागद कोणता आहे.

मालकाचा पत्ता नव्हे, जागेचा पत्ता

स्थावर मालमत्तेच्या ताब्याचा दावा ती मालमत्ता जिथे आहे, तिथल्याच कोर्टात चालतो. मालक, भाडेकरू कुठेही राहत असोत.

भाडेकरूविरुद्धचे दावे कोणी चालवायचे, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ३३ मध्ये दिले आहे. बृहन्मुंबईत हा अधिकार लघुवाद न्यायालयाला आहे. पुण्यासारख्या शहरांत स्वतंत्र लघुवाद न्यायालय आहे, तिथे ते कोर्ट. बाकी ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर.

दहिसर चेकनाक्यापर्यंत मुंबई, त्यापुढे ठाणे जिल्हा. म्हणजे दहिसरमधल्या घराचा दावा मुंबईच्या लघुवाद न्यायालयात जाईल, पण खारीतल्या घराचा जाणार नाही. मिरा-भाईंदरकरांना पूर्वी त्यासाठी ठाणे गाठावे लागे. मार्च २०२५ मध्ये शहराचे स्वतःचे दिवाणी व फौजदारी न्यायालय सुरू झाले आणि कनिष्ठ स्तराचे दिवाणी कोर्ट जवळ आले.

‘लिव्ह अँड लायसन्स’ असेल तर वेगळा रस्ता

बोलताना सगळेच ‘भाडेकरू’ म्हणतात. कायदा मात्र फरक करतो. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो.

राहण्यासाठी दिलेल्या घराचा असा करार संपला आणि परवानाधारक निघाला नाही, तर कलम २४ नुसार अर्ज दिवाणी कोर्टात नव्हे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. ठाणे जिल्हा कोकण विभागात येतो, त्यामुळे खारीतील प्रकरण कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते.

ही प्रक्रिया झटपट निकालासाठी आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानाधारकाने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरले जाते. मुदत संपल्यानंतरही राहणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. या आदेशावर अपील नाही. ९० दिवसांत राज्य शासनाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो.

दुकान, गाळा असेल तर?

कलम २४ फक्त राहत्या घरासाठी आहे. भाईंदर पूर्वेतील एखादा गाळा लायसन्सवर दिला असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन उपयोग नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टच. दाव्याच्या मूल्यांकनावरून तो कनिष्ठ की वरिष्ठ स्तराकडे जाणार, हे ठरते.

बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण नाही. ते दावे मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार चालतात.

करार नोंदवलेलाच नसेल तर?

कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

खरे नुकसान पुढे आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. ‘मी परवानाधारक नाही, भाडेकरू आहे’ असा दावा समोरच्याने केला, की कलम २४ चा जवळचा रस्ता अवघड होतो. नोंदणीचे काही हजार रुपये वाचवणे इथे महागात पडते.

भाडेकरूने काय लक्षात ठेवावे?

भाडे थकले म्हणून मालकाला लगेच दावा करता येत नाही. आधी लेखी नोटीस आणि त्यानंतर ९० दिवसांची वाट पाहावी लागते. दावा दाखल झाल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी वार्षिक १५ टक्के व्याज आणि दाव्याच्या खर्चासह भरल्यास थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. पाणी किंवा वीज तोडून घर रिकामे करून घेणेही बेकायदा आहे; कलम २९ नुसार भाडेकरू कोर्टात जाऊ शकतो.

दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर ३० दिवसांत ठाणे जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

थोडक्यात

खारीतील घर, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, मुदत संपलेली: कोकण विभागाचे सक्षम प्राधिकारी. भाडे नियंत्रण कायद्याखालील जुना भाडेकरू: मिरा-भाईंदरचे दिवाणी न्यायालय. लायसन्सवरचा गाळा: दिवाणी कोर्ट, मूल्यांकनानुसार. वकिलाकडे जाताना करार, इंडेक्स २ आणि नोटिशीची प्रत सोबत असली, तर पहिल्याच भेटीत योग्य कोर्ट ठरू शकते.