पिकअप आणि मार्जिन

मुंबईकडून येणाऱ्या माणसाला पळस्पे फाट्यावर ठरवावे लागते, देशावर जायचे की कोकणात. एक रस्ता शेडुंग, चौक, खोपोली करीत बोरघाटाच्या पायथ्याशी जातो; दुसरा कर्नाळ्याच्या खिंडीतून पेणकडे उतरतो. महामार्गांचे जुने क्रमांक चार आणि सतरा, आता ते 48 आणि 66 झाले. फाट्यावरची गर्दी मात्र जुनीच. न्हावाशेवा बंदराचे कंटेनर, एसटी, वाळूचे डंपर आणि वड्यासाठी थांबलेली कुटुंबे. अशा गावात राहून वेगाची हौस करणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपास करण्यासारखे आहे. पण हौसेला पत्ता विचारायचा नसतो.

माझा भाचा पळस्प्याला राहतो. त्याच्याकडे एक लहान गाडी आहे. मागचा दरवाजा वर उचलून उघडणारी, चार मीटरच्या आतली, दिसायला शेजारच्या गाडीसारखीच. मात्र तिच्या इंजिनात टर्बो आहे. अशा गाड्यांना जगभर ‘हॉट हॅच’ म्हणतात. आपल्याकडे या सगळ्यासाठी एकच शब्द पुरतो: पिकअप. ‘गाडीला पिकअप आहे’ असे म्हटले की पुढचे समजते.

आमच्या पिढीला हा शब्द महाग होता. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचे इंजिन अकराशे सीसीच्या आसपासचे आणि ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. बोरघाटात बॉनेट उघडून, पाण्याचा डबा घेऊन उभ्या असलेल्या गाड्या हा तेव्हाच्या पुणे प्रवासाचा ठरलेला देखावा होता. आता बघा. 2013 मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटी टीएसआय आणली. चाकणच्या कारखान्यातल्या या गाडीचे इंजिन 1197 सीसीचे, म्हणजे पद्मिनीहून फक्त पेलाभर मोठे, पण ताकद 105 अश्वशक्ती. 2015 मध्ये फियाटने रांजणगावातून अबार्थ पुंटो काढली. 1368 सीसी आणि 145 अश्वशक्ती. तिच्या नाकावर विंचू होता, कारण कार्लो अबार्थ या मूळ गृहस्थांची रास वृश्चिक. 2024 मध्ये टाटांची अल्ट्रोझ रेसर 120 अश्वशक्ती घेऊन आली. चाकण आणि रांजणगाव दोन्ही पुणे जिल्ह्यातच. तेव्हा ही हौस परदेशी असली तरी तिचे एक माहेर आपल्याकडे आहे. त्यातल्या पोलोचे उत्पादन आपल्याकडे 2022 मध्ये थांबले, अबार्थ त्याआधीच गेली. म्हणून जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांना आजही चाहते आहेत.

एवढ्याशा इंजिनात एवढी ताकद येते कुठून? बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हे हिशेबाच्या भाषेत समजते. पेट्रोल जाळायला हवा लागते. साधे इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढीच. म्हणजे पगारात भागवणारा माणूस. टर्बो काय करतो? धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूवर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त जोर. थोडक्यात बुडीत खात्यातून भांडवल उभे करायचे! आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने 1905 मध्येच याचे पेटंट घेतले होते. वायू येऊन चक्र वेग घेईपर्यंत जो क्षणभर उशीर होतो त्याला ‘लॅग’ म्हणतात. अर्ज दिल्यावर कर्ज मंजूर व्हायला लागतो, तसाच.

आता खरा प्रश्न. आजच्या गाडीत हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून त्याचा हिशेब बदलता येतो. याला ‘रिमॅप’ म्हणतात. त्याची पहिली पायरी ‘स्टेज वन’. एकही नवा सुटा भाग न घालता शंभराची अश्वशक्ती सव्वाशेच्या पुढे नेऊ, असे हे काम करणारे सांगतात. भाच्याला ते करायचे होते. म्हणाला, ‘‘मामा, ताकद इंजिनात आहेच हो. कंपनीने ती दाबून ठेवलीय. आपण फक्त कुलूप काढायचं.’’

ताकद असते हे खरे आहे. पण ती दाबून का ठेवली जाते? आम्ही घरासाठी कर्ज देताना घराच्या पूर्ण किमतीएवढे कधीच देत नसू. काही भाग मार्जिन म्हणून राखायचा. कर्जदाराला तो भाग नेहमी अन्यायाचा वाटे. पण नोकरी गेली, आजारपण आले, घराचा भाव पडला, तर दोघांनाही वाचवणारा तोच. इंजिनियरही तसाच राखून वागतो. गाडी नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात चालणार, खेड्यातल्या पंपावरच्या पेट्रोलवर चालणार, पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढणार आणि मालक सर्व्हिसिंग दोन महिने लांबवणार, हे त्याने धरलेले असते. रिमॅप त्या शिलकीतून ताकद काढतो. हवेचा दाब वाढला की उष्णता वाढते. पेट्रोल हलके असेल तर ते वेळेआधी भडकून इंजिन ठोके देऊ लागते. पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स यांच्यावरचा भार वाढतो. लगेच काही मोडत नाही. मार्जिन संपलेले खातेही पहिल्या दिवशी बुडत नाही.

शिवाय ब्रेक तेच राहतात. शाळेतले गणित आठवा: वेग दुप्पट झाला तर गाडीतली ऊर्जा चौपट होते. शंभराऐवजी एकशे चाळीसने जाणाऱ्या गाडीत जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते आणि थांबताना ती सगळी ब्रेकने पचवायची. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी असताना गाडी आणि रस्ता यांच्यात हाताच्या चार पंजांएवढेच रबर टेकलेले असते. तिथे रिमॅपचे काही चालत नाही.

कायद्याचेही आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत, असे मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड अशी तरतूद झाली. गाडीची वॉरंटी जाते ती वेगळीच. आणि विमा कंपनीला न सांगता इंजिन बदलले, तर अपघातानंतर दावा अडण्याची भीती. कागदपत्रांचा हा भाग तरुणांना कंटाळवाणा वाटतो. आम्ही मात्र टेबलाच्या पलीकडे बसलेली माणसे पाहिली आहेत. ज्यांची गाडी गेली आणि हप्ते राहिले.

हे सारे मी भाच्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले. पण प्रश्न सुटला तो त्याच्या बायकोमुळे. रोज सकाळी पनवेल स्टेशनपर्यंत गाडी तीच नेते, संध्याकाळी मुलीला क्लासहून तीच आणते. ती म्हणाली, ‘‘पायाखालची गाडी बदलणार, आणि मला विचारणार कधी?’’ रिमॅपनंतर त्याच पेडलला गाडी निराळे उत्तर देते. फाट्यावर ट्रेलरच्या मागून सरकताना पाऊल जेवढे दाबायची सवय असते, तेवढे दाबले की ती झेप घेते. घरातली गाडी कागदावर एकाच्या नावावर असली, तरी ती एकट्याची नसते. हौस करणाऱ्यांच्या गप्पांत हा मुद्दा मी फारसा ऐकलेला नाही.

म्हणून ठरले असे. रिमॅपसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून चार चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल आले. टर्बोच्या चक्राचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतो, तो तेलाच्या पातळ पदरावर. म्हणून कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑइल, आणि तेही वेळेआधी. सकाळी सुरू करताच रेस करायची नाही. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन हळू चालू द्यायचे, म्हणजे आठ-नऊशे अंशांच्या वायूंनी तापलेल्या टर्बोतले तेल करपत नाही. हेही ट्यूनिंगच आहे. गाण्याच्या बैठकीत तंबोरा जुळवतात तो मोठ्याने वाजावा म्हणून नव्हे, सुरात वाजावा म्हणून.

आणि सुख? ते उरतेच. रविवारी पहाटे जुन्या रस्त्याने चौककडे जाताना ट्रकला ओलांडायचे असते. दुसऱ्या गाडीत छाती धडधडते. इथे पेडल किंचित दाबले की सीट पाठीला रेटते आणि दोन श्वासांत काम होऊन गाडी पुन्हा आपल्या बाजूला येते. अशा गाडीचा खरा उपयोग मला यातच दिसला. पळायला नव्हे, अडचणीच्या जागेतून लवकर सुटायला. बाकी वेळ तिने निमूट घरात राहावे. स्पीडब्रेकर तिरके घ्यावेत, एसीची कुरकुर ऐकावी, अ‍ॅव्हरेजवरून बोलणी खावीत.

गेल्या गणपतीत पेणहून मूर्ती आणायला हीच गाडी गेली. मागची सीट पाडली, गोधडी घातली, मुलीने मूर्तीला दोन्ही हातांनी धरले. कर्नाळ्याच्या खिंडीत मागून हॉर्नवर हॉर्न. भाचा तीसच्या वर गेला नाही. ‘‘आज पिकअप नको,’’ मुलगी मागून सांगत होती. गाडीने ते बिनतक्रार ऐकले.