वेताळ ओळखीचा, ब्रश कुणाचा?

नागराज हिंदीतला, सुपांडी आणि शिकारी शंभू इंग्रजी 'टिंकल'मधले. पण हे तिघेही कागदावर पहिल्यांदा उतरले ते मराठी माणसांच्या हातून. राज कॉमिक्सचा नागराज 1986 साली पुण्याच्या प्रताप मुळीकांनी रेखाटला. तमिळनाडूतल्या एका वाचकाने 'टिंकल'कडे पाठवलेल्या गोष्टींमधल्या वेंधळ्या नोकराला 1983मध्ये राम वाईरकरांनी ते उभट डोकं दिलं आणि वर केसांचा तुरा. डोळ्यांवर कायम टोपी ओढलेला शिकारी शंभू वसंत हळब्यांचा. कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. तंत्री मंत्री बरीच वर्षं अशोक डोंगऱ्यांनी काढला. भारतभरच्या पोरांना हसवणाऱ्या आणि घाबरवणाऱ्या या चित्रकारांची यादी वाचली, तर दादरच्या एखाद्या लग्नातली आहेराची वहीच हाती आल्यासारखं वाटतं.

आणि तरी, सुपांडी कोण हे विचारलं तर दहाजण सांगतील. तो कुणी काढला हे विचारलं तर त्यातला एखादाच. कॉमिक्सचं वेड महाराष्ट्रात कमी कधीच नव्हतं. चित्रकाराचं वेड मात्र उशिरा आलं, आणि ते आणलं कॉमिक्स जमवणाऱ्या चाहत्यांनी.

या वेडाची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत 'इंद्रजाल कॉमिक्स'पासून होते. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964मध्ये ही मालिका काढली, ती 1990पर्यंत चालली. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. इंग्रजी-हिंदीबरोबर ती मराठीतही निघायची आणि ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला. नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव अशा गावांत हे अंक पोहोचायचे ते एसटी स्टँडवरच्या आणि रेल्वे फलाटावरच्या स्टॉलांमधून. तिथून ते भाड्याने पुस्तकं देणाऱ्या खासगी वाचनालयांत जायचे आणि शेवटी रद्दीच्या दुकानात. एक अंक किती हातांतून जाई याला हिशेब नव्हता. म्हणूनच आज मुखपृष्ठ शाबूत असलेला मराठी इंद्रजाल मिळाला, तर संग्राहक भाव न विचारता आधी मागचं पान आहे का ते पाहतो.

भारतीय आवृत्तीत काही गमती होत्या. वेताळाचा मूळ देश 'बेंगाली'. तो आपल्याकडे फारच घरचा वाटेल म्हणून त्याचं 'डेंकाली' केलं गेलं. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. पोशाखाचा रंग हा तर चाहत्यांचा आवडता वादाचा मुद्दा: मूळ अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल. आपल्याकडच्या वाचकाच्या मनात जो पक्का बसला तो जांभळा.

याच वाचकांनी नाव माहीत नसतानाही हात ओळखायला सुरुवात केली. वेताळाच्या पट्टीवर लेखक म्हणून ली फॉकचं नाव 1936पासून कायम राहिलं, चित्रकार मात्र बदलत गेले: रे मूर, मग विल्सन मॅकॉय, मग 1961पासून नव्वदीच्या दशकापर्यंत साय बॅरी. मॅकॉयची रेघ साधी, माणसं थोडी लाकडी. बॅरीच्या जंगलात सावली दाट, वेताळाच्या पाठीवरचा स्नायून् स्नायू दिसणारा. 'हा जुना वेताळ' आणि 'हा चांगला वेताळ' अशी वाटणी शाळकरी पोरं करत. ती खरं तर दोन चित्रकारांची वाटणी होती. मुखपृष्ठांचंही तसंच. गोविंद ब्राह्मणिया यांनी इंद्रजालची शेकडो वाचकांना तोंडपाठ असलेली मुखपृष्ठं रंगवली आणि 1976मध्ये आबिद सुरतींनी 'बहादुर' निर्माण केला तेव्हा त्याला कुर्ता-जीन्समध्ये उभं केलं तेही त्यांनीच. परदेशी नायकांच्या गर्दीत चंबळच्या दरोडेखोरांशी लढणारा हा देशी गडी आजही चाहत्यांच्या मागणीत वेताळाच्या खालोखाल असतो.

मागणी कसली? तर चित्राची. चाहता चित्रकाराला सांगून, पैसे देऊन, आपल्याला हवं ते पात्र हव्या त्या पवित्र्यात काढून घेतो. या व्यवहाराला सगळे 'कमिशन' म्हणतात.

फ्रान्स-बेल्जियमकडे याची मुळं जुनी आहेत. तिथे चित्रकार पुस्तकावर नुसती सही करत नाही, पहिल्या कोऱ्या पानावर लहानसं चित्र काढून देतो. अंगुलेम या गावी 1974पासून भरणाऱ्या कॉमिक्स महोत्सवात त्यासाठी रांगा लागतात. अमेरिकेत संमेलनांमधून चित्रकारांच्या टेबलांची वेगळी गल्लीच असते. पण तिथला इतिहास कडूही आहे. कितीतरी दशकं छापून झालेली मूळ पानं प्रकाशकच ठेवून घेत. जॅक कर्बीसारख्या दिग्गजाला स्वतःची पानं मार्व्हलकडून परत मिळवायला 1987 उजाडावं लागलं, आणि मिळाली तीही सगळी नव्हेत. उलट टोकाला, टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी एर्जेने केलेलं आणि छपाईसाठी नाकारलं गेलेलं मुखपृष्ठ 2021मध्ये पॅरिसच्या लिलावात 30 लाख युरोंच्या वर गेलं.

आपल्याकडे कॉमिक कॉन इंडियाचं पहिलं संमेलन फेब्रुवारी 2011मध्ये दिल्ली हाटात भरलं. नगरच्या चाहत्याला पुणे-मुंबई गाठली की अशा गर्दीत चित्रकार समोर दिसतो; नाही जमलं तर व्यवहार फोनवर होतो. चित्राचा भाव ठरतो तो चार गोष्टींवर. नुसता चेहरा की छातीपर्यंत की पूर्ण आकृती, पात्रं किती, मागे देखावा हवा का, आणि काम पेन्सिलीचं, शाईचं की रंगीत. अर्धी रक्कम आगाऊ. मग चित्रकार अंगठ्याएवढा कच्चा आराखडा पाठवतो. खरी मजा त्या टप्प्यावर असते, कारण चाहत्याइतका खवट परीक्षक कुठे नसेल. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी, डाव्या हातात शुभचिन्हाची. चित्रकाराने पवित्रा उलटा घेतला की अंगठ्यांची अदलाबदल होते आणि चाहता रात्री अकराला निरोप पाठवतो. मुखवट्यात बुबुळं काढलीत, ती नकोत. चड्डीवर पट्टे हवेत. चुका दुरुस्त झाल्या की जाड ड्रॉइंग पेपरवर पेन्सिल, त्यावर वॉटरप्रूफ काळी शाई. बारीक रेघ निबने, अंगावरची घसरती सावली ब्रशने. काळा किती भरायचा हे चित्रकारावर सोडण्यात शहाणपण असतं. चांगल्या शाईकामात मोकळा सोडलेला कागदही चित्र काढत असतो.

इथे एक तक्रार नोंदवायला हवी. देवघरातल्या तसबिरीच्या चौकटीला बिनतक्रार पैसे मोजणारा मराठी माणूस चित्रकारासमोर मात्र 'पेन्सिलचंच तर आहे' असं म्हणून घासाघीस करतो. ज्या हातांनी 'अमर चित्र कथे'ची पानंच्या पानं भरली, त्यांची नावं सुरुवातीच्या अंकांमध्ये शोधावी लागत. त्या अनास्थेचंच हे धाकटं भावंड. अनंत पै यांनी 1967मध्ये ही मालिका सुरू केली. तिचं खरं रूप ठरलं ते अकराव्या अंकातल्या 'कृष्ण'ने, आणि तो राम वाईरकरांनी काढला. त्याच वाईरकरांनी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला काटकुळं, चपळ अंग दिलं. बन्या फेणे म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येतो तो निम्मा भागवतांचा आणि निम्मा वाईरकरांचा.

प्रश्न मग उरतोच. एवढे चित्रकार असताना मराठीची स्वतःची कॉमिक्स का नाहीत? दिवाळी अंकांनी व्यंगचित्रं जोपासली. 'आवाज'च्या खिडक्या उघडून पाहण्यासाठी घरात ओढाताण व्हायची. 'चांदोबा' आणि 1971पासून बालभारतीचं 'किशोर' यांनी सजावटचित्रांची उत्तम परंपरा दिली. 1991मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 'सकाळ'मध्ये आला आणि तीन-चार चौकटींत अख्खी गल्ली उभी राहिली. पण बत्तीस पानांची, सलग, चौकटीतून पुढे जाणारी मराठी गोष्ट पाय रोवू शकली नाही. रंगीत छपाईचा खर्च एका भाषेच्या बाजारात भागत नव्हता हे कारण आहेच. दुसरं कारण घरातलं: कॉमिक्स वाचणं म्हणजे वाचन नव्हे, हा पालकांचा आणि मास्तरांचा ठाम समज. चित्रकार मग जिथे काम होतं तिथे, हिंदी-इंग्रजीकडे गेले.

नगर जिल्ह्यापुरतं बोलायचं, तर इथली माती कॉमिक्सच्या पानांवर पुष्कळ वेळा आली आहे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं याच जिल्ह्यातलं, आणि ज्ञानेश्वरांवरचं 'अमर चित्र कथे'चं पुस्तक आहे. शिर्डीच्या साईबाबांच्या कथांचंही आहे. चालती भिंत आणि वाघावर बसलेले चांगदेव यांच्याइतकं पानभर चौकटीला शोभणारं दृश्य दुसरं कुठलं असणार! त्याआधी 1940मध्ये प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये मराठी डोळ्यांना ज्ञानेश्वरांचा चेहरा दिला तो शाहू मोडकांनी, म्हणजे नगरमध्येच जन्मलेल्या ख्रिस्ती घरातल्या मुलाने.

फारसा कुणाला माहीत नसलेला धागा मात्र अरणगावचा आहे. 10 जुलै 1925पासून 1969मध्ये देह ठेवेपर्यंत मौन पाळणाऱ्या मेहेरबाबांची समाधी तिथे मेहेराबादला आहे. जे. एम. डीमॅटीस हा अमेरिकी लेखक त्यांचा अनुयायी. स्पायडरमॅनच्या चाहत्यांना तो 1987च्या 'क्रेव्हन्स लास्ट हंट'मुळे ठाऊक असतो. याच डीमॅटीसने 1996-97मध्ये व्हर्टिगो या कॉमिक्स प्रकाशनासाठी 'सीकर्स इंटू द मिस्टरी' ही 15 अंकांची मालिका लिहिली आणि तिच्यातला 'जादूगार' मेहेरबाबांवरूनच बेतला. मेहेराबादला परदेशी भक्त येतात हे नगरकरांच्या सवयीचं आहे. तिथल्या बाबांची छाया अमेरिकी कॉमिक्सच्या चौकटीत पडली आहे, हे ऐकल्यावर भले भले चाहतेही चकित होतात.

पण नगरच्या चाहत्याने एखादं चित्र काढून घ्यायचंच ठरवलं, तर विषय दारातच आहे: चांदबिबी. 'अमर चित्र कथे'ने तिच्यावर पुस्तक काढलं, तरी तिच्यावर चित्रं काढायला अजून भरपूर वाव आहे. 1595च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, सुरुंगाने तट फोडला, आणि ही बाई बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. रातोरात तट पुन्हा बांधून काढला गेला. मशालींचा उजेड, दगड वाहणारी माणसं, मागे काळोख. शाईने काम करणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? चित्रकाराला संदर्भ पाठवताना किल्ल्याचे गोल बुरुज आणि भोवतीचा खंदक यांचे फोटो द्यावेत. डोंगरावरच्या 'चांदबिबी महाला'चा देऊ नये. तो महाल नव्हेच, निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ती कबर. आणि वय आठवणीने लिहून द्यावं, नाहीतर कॉमिक्सच्या सवयीने हात विशीतली राजकन्या काढून मोकळा होतो. वेढ्याच्या वेळी चांदबिबी पंचेचाळिशीच्या आसपास होती.